चंद्रशेखरकाकांची जुळ्यांची वही

नेरूळ स्टेशनबाहेर एका झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल चंद्रशेखरकाकांचं. राहायला दिघ्यात. कंपनीतली कारकुनी सुटली आणि काका इथे ॲडमिशनचे फॉर्म भरायला बसले. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

पोरं विचारायची, "काका, सीईटीला नव्वद पर्सेंटाइल, जेईईला ब्याऐंशी. कुठले धरू?"

काका उखडायचे. "अरे, एका परीक्षेत राज्यातली पोरं, दुसरीत अख्खा देश! इथले नव्वद आणि तिथले नव्वद सारखे असतात का?"

मग जाडजूड वही उघडायचे. तिच्यात दहा वर्षांतल्या पोरांचे दोन्ही परीक्षांचे आकडे शेजारीशेजारी लिहिलेले. दोन्हीकडे जुळेल असं जुनं पोर शोधायचं, त्याला काका म्हणायचे 'जुळं'. जुळ्याला जे कॉलेज लागलं, तेच याला लागायचं. इथवर ठीक. पण जुळ्याचा पाय मोडला होता, तर याचाही मोडला. जुळ्याचे वडील दिवाळीत गेले, तर याचेही दिवाळीतच. योगायोग हो, असं काका म्हणायचे खरे, पण वही घाईघाईने मिटायचे.

यंदा त्यांच्या मुलीचे, अक्षताचे आकडे आले. सीईटी ९१.३७, जेईई ८४.०२. जुळं एकच सापडलं, पॉइंटापर्यंत तंतोतंत. पुतळा नावाची पोरगी, राहणार सारसोळे, तीन वर्षांपूर्वीची. तिच्यापुढे कॉलेजचा रकाना कोरा होता.

काकांनी रकाना दोनदा तपासला. कोरा का? पोरगी आहे ना बरी? कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. "मी सांगेपर्यंत भरू नकोस," असं अक्षताला बजावून ते सारसोळ्याला निघाले. घर शोधण्यात दुपार गेली.

दार पुतळाच्या आईने, विमलबाईंनी उघडलं. त्या काकांकडे बघतच राहिल्या.

"तुमीच ना ते टेबलवाले? या. आत हाय ती."

पुतळा खिडकीशी बसली होती. मांडीवर बंद पडलेला मोबाइल, नजर भिंतीवर. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"तुमी बोल्लेलात, जुळं शोधतो, तवर थांब," विमलबाई म्हणाल्या. "तवाधरनं थांबलीय. जेवते, निजते, परत येऊन बसते. डाक्टर झाले, देवरुशी झाले. कुनाचं ऐकत नाय."

काकांना आठवलं. तिचं जुळं सापडलंच नव्हतं, आणि गर्दीत ते सांगायचं राहून गेलं होतं. माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं ते कसं, हे त्यांना त्या घडीला कळलं. ते तिच्यापुढे जमिनीवरच बसले.

"चुकलो गं पोरी. सगळी माझी चूक. ऊठ आता."

पुतळाने सावकाश मान वळवली. "काका, जुळं सापडलं?"

अक्षतालाही आपण थांबायला सांगून आलोय, हे काकांना एकदम आठवलं. साडेचार होऊन गेले होते. ते धडपडत अंगणात आले आणि त्यांनी फोन लावला.

"अक्षू, भर! तुझ्या मनाला येईल ते कॉलेज टाक. पण आत्ताच्या आत्ता भर!"



"बाबा, जुळं सापडलं?"

"जुळं गेलं खड्ड्यात! हात जोडतो गं, भर!"

"बरं," अक्षता शांतपणे म्हणाली. "थांबते मी."