डाव्या गालातली गाठ

नारळ खवून गर्ट्रूडचे हात भरून आले होते. चुलीवर पिकली केळी नारळाच्या दुधात रटरटत होती. कंद शिजवणं तिने महिनाभरापासून सोडलंच होतं. ते चावावे लागतात. अंगणात कालची कच्ची मडकी सावलीला वाळत होती, त्यांचे काठ थापायचे राहिलेच होते. बिलबिल गावातल्या बायका म्हणायच्या, गर्ट्रूड म्हातारी झाली. साठीसुद्धा उलटली नव्हती तिची. दमली होती, एवढंच.

जिन्याच्या खांबावर टकटक झाली.

"आत्या, आहेस ना गं?"

भावाची मुलगी डेल्मा, शहरातल्या इस्पितळातली नर्स. सुट्टीच्या दिवशी पहिल्या ट्रकने आली, म्हणजे नुसती ख्यालीखुशाली विचारायला नव्हे.

"या नर्सबाई!" जाळं सांधत बसलेला नवरा, काउट, म्हणाला. "मासे न्यायला आलात वाटतं?"

"तुम्ही मासे पकडता कधी, काका?" डेल्मा चटईवर टेकली. "आत्या, तुझ्या मानेच्या गाठीतून सुईने काढलेलं काचेवर पसरून तपासलं. वाईट काही नाही. नुसती सूज आहे."

"सुटलो देवा!" काउटने लगेच सुपाऱ्यांचा घड पुढे ओढला. आनंदाची बातमी कोरड्या तोंडाने ऐकायची रीत या घरात नव्हती. डेल्माने नको म्हणून मान हलवली. गर्ट्रूडने सवयीने सुपारी दातांनी सोलली, तिच्याबरोबर खायची पानवेलीची शेंग चुन्यात बुडवून चावली.

डेल्मा बघत राहिली.

"उजवीकडे का चघळतेस?"

"मग कुठे चघळू?"

"लहानपणी तुझी नक्कल करायचे मी, डावा गाल फुगवून. सगळं घर हसायचं. जन्मभर डावीकडेच चघळलीस तू. तोंड उघड बघू."

"अगं, राहू दे आता."

"आत्या."

तिने तोंड उघडलं. डेल्माने मोबाइलचा दिवा धरला. डाव्या गालाच्या आत, जिथे इतकी वर्षं चुना टेकत आला, तिथेच घेवड्याच्या दाण्याएवढी टणक गाठ होती, कडेने पांढुरकी.

"डॉक्टरांना दिसली कशी नाही ही?"

"मी दिसू दिली नाही." गर्ट्रूड थकल्या आवाजात म्हणाली. "ट्रकमध्ये भीती वाटली म्हणून चघळत गेले. इस्पितळाच्या फाटकावरच्या रखवालदाराने माझे लाल ओठ बघितले आणि थुंकू नका ही पाटी दाखवली. एवढ्या लोकांसमोर! मग डॉक्टर म्हणाले तोंड उघडा, तर मी म्हटलं जबडा दुखतो. मान दाखवली."

"म्हणजे जिथे टोचायला हवी होती तिथे सुई गेलीच नाही."

काउटचे हात थांबले होते. "टोचलं की पसरतं म्हणतात ते. माझ्या चुलत्याचं नाही का—"

"तुमचा चुलता इस्पितळात आला तेव्हा गालाला आरपार भोक होतं, काका. ते सुईने पाडलं नव्हतं."

ती आत्याकडे वळली.

"गुरुवारी चल," डेल्मा म्हणाली. "सुई बारीक असते, पण आत दोन-तीनदा हलवतात. दुखतं, खोटं नाही सांगत. तेवढ्याने नाही कळलं, तर छोटा तुकडा काढतील."

"कळून तरी काय करायचं गं?"

"वाईट निघालीच, तर लहान आहे तोवर काढता येईल. अजून दोन महिने उजवीकडे चघळत बसलीस तर मला सांगता येणार नाही."

केळी भांड्याला लागल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही. गर्ट्रूड अंगणातल्या मडक्यांकडे बघत राहिली. मग कठड्याशी जाऊन तिने तोंडातलं सगळं खाली थुंकून टाकलं आणि हाताच्या पाठीने ओठ पुसले. हात लाल झाला.

"येते गुरुवारी," ती म्हणाली. "चघळणार नाही म्हणते, पण ट्रकमध्ये भीती वाटली की हात जातोच. तेव्हा एवढंच कर. मला आत न्यायच्या आधी चूळ भरायला तांब्याभर पाणी दे."