दोनशे अकरा चकचकीत, एक काळं

जेवण झालेलं आहे, भांडी पालथी घातलेली आहेत आणि शालनबाई पंख्याखाली आडव्या झाल्या आहेत. झोपायचं असं काही नाही, नुसती पाठ टेकायची. पाच वाजता खैरमोडे येणार आहेत. उशाशी नाण्यांचा डबा आहे आणि मुठीत एक नाणं. आपल्याकडे पूर्वी भोकाचा पैसा असायचा ना, तसंच, पण थायलंडचं आणि काळंकुट्ट. डब्यातली बाकीची दोनशे अकरा नाणी मात्र नुसती लखलखताहेत, आणि सगळं दुखणं तिथंच आहे.

झालं असं, की शालनबाईंच्या यजमानांना, मधुसूदनरावांना, थाई नाण्यांचा नाद. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची नोकरी, जन्मात नाशिक सोडून फार लांब गेले नाहीत. पण ऑफिसातल्या कुणीतरी बँकॉकहून दहा बाथचं नाणं आणून दिलं आणि माणूस कामातून गेला. थाई आकडे शिकले. नाण्यावरच्या सालातून पाचशे त्रेचाळीस वजा केले की आपलं साल येतं, हे त्यांनी भाजीवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं होतं. शालनबाई तांबटाच्या लेक. माहेरी काळं भांडं कुणाच्या नजरेला खपत नसे, आणि इथं डबाभर काळवंडलेला धातू, त्याला कुणी हात लावायचा नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी राव दवाखान्यात होते. घरातली तांब्यापितळेची भांडी घासायला काढली तेव्हा बाईंच्या मनात आलं, घरी येतील तेव्हा डबा उघडून कसे खूश होतील! चार दिवस बैठक मारून चिंच आणि मिठाने नाणी घासली. सगळ्यांत उजळलेलं नाणं पदराला बांधून दवाखान्यात नेलं, त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी पाहिलं, डोळे मिटून घेतले आणि ‘छान’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते गेले. दवाखान्यातून चष्मा आणि घड्याळ परत आलं, त्यासोबत खिशातलं हे भोकाचं नाणं आलं. चिंचेतून एवढं एकच वाचलं होतं.

तेराव्याला नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचे खैरमोडे आले. त्यांनी डबा उघडला आणि त्यांचा चेहराच उतरला. जुन्या नाण्यावरचा काळा थर म्हणजे त्याचं वय, म्हणाले, तो घासायचा नसतो, वहिनी. भला माणूस, डबा हलकेच मिटून जागेवर ठेवला. पण तेव्हापासून शालनबाईंच्या मनाला एकच लागून राहिलं आहे, की रावांनी तेव्हा डोळे का मिटले? वर्ष होत आलं, घरात चिंच आलेली नाही. आमटीत आमसूल पडतं. आणि आता तोच डबा मंडळाच्या प्रदर्शनात रावांच्या नावाने मांडायचा म्हणून खैरमोडे न्यायला येताहेत. द्यावा की नको, हे काही बाईंना ठरवता येत नाही.

पंख्याचा आवाज हळूहळू बदलतो. ठक, ठक. माहेरी हंड्याला ठोके द्यायचे तो आवाज. शालनबाई पाणी प्यायला उठतात, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे ओटा नाहीच. पायऱ्या आहेत आणि खाली गोदावरी आहे. पलीकडच्या काठावर दहा बाथच्या नाण्यावरचं उंच देऊळ उभं आहे, त्याच्या शेजारी पाच बाथवालं, मग एक बाथवालं, ओळीने. माणसं नाहीत, दुकानं नाहीत, रस्ते नाहीत. नाण्यांच्या पाठीवर नव्हतेच ते, तर इथं येणार कुठून?

खालच्या पायरीवर मधुसूदनराव बसले आहेत. अंगात घरची बंडी, पाय पाण्यात.

“ये,” ते म्हणतात. “जपून. पायरी ओली आहे.”

बाई शेजारी बसतात. जेवलात का, विचारतात. राव म्हणतात जेवलो, पण हल्ली आमटीचं काय करून ठेवलं आहेस, दात आंबले माझे. मग आपल्या सवयीप्रमाणे साल सांगायला लागतात. इथं पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढचं चालतं म्हणे.

“म्हणजे तुम्हाला गाठायला मला तेवढी वर्षं?”

“घाई नाही,” राव म्हणतात. “सावकाश ये.”

शालनबाईंना हसू येतं. किती दिवसांनी असं शेजारी बसायला मिळतंय, त्यांना बरं वाटतं, फार बरं वाटतं. पाण्यात कुठेतरी ट्यूबलाइट लागते. त्या बसल्या आहेत ती पायरी दवाखान्यातल्या खाटेची कड आहे, राव उशीला टेकले आहेत, पाय मात्र अजून ओलेच आहेत. आता विचारलं नाही तर राहूनच जाईल.

“तेव्हा डोळे का हो मिटलेत?”

राव उशीवर सावरून बसतात.

“खोटं कशाला सांगू,” ते म्हणतात. “काळजात चर्र झालं.”

वर्षभर हेच ऐकायला लागेल म्हणून त्या धास्तावल्या होत्या. ऐकून झाल्यावर मात्र जीव मोकळा होतो.

“मग तुझी बोटं दिसली,” राव म्हणतात. “चिंचेनं सगळी चिरलेली. तुला बघायला आलो होतो तेव्हा अशीच होती, दुकानात भांडी घासून घासून. म्हटलं, आता हेच बघून ठेवावं, पुढचं काही नको. म्हणून मिटले.”

“आणि छान म्हणालात ते?”

“नाण्याला कोण छान म्हणतंय? नाण्याचं तर वाटोळंच केलं होतंस.”

आणि ते तिची मूठ उघडून काळं नाणं घेतात. बंडीच्या खिशातून चिंचेचा गोळा काढतात आणि चक्क घासायला बसतात. अहो नको, बाई म्हणतात, खैरमोडे काय म्हणतील. राव ऐकत नाहीत. पण हात असा वेडावाकडा चालतो की तांबटाच्या लेकीला बघवत नाही. असं गोल गोल नाही, एका दिशेनं, अंगठ्यानं, ती शिकवते. आजूबाजूला वडिलांचं दुकान आहे, भिंतीला हंडे टांगले आहेत, ठोके पडताहेत. अर्धं घासून झाल्यावर राव नाणं तिच्या तळव्यावर ठेवतात. हात भरून आला, म्हणतात, आता उरलेलं तू कर.

दारावरची बेल वाजते. पाच वाजले आहेत. शालनबाई उठून बसतात आणि मूठ उघडतात. नाणं भोकापासून एका कडेपर्यंत लाल तांबडं झालेलं आहे, दुसरी कड होती तशी काळी. भोकात चिंचेची एक शीर अडकली आहे, ओली. त्या ती शीर काढत नाहीत.

दार उघडून त्या खैरमोड्यांना बसायला सांगतात, पाणी देतात आणि डबा त्यांच्या हातात ठेवतात. मांडा, म्हणतात, आणि खाली चिठ्ठीत लिहा की बायकोने घासली. खैरमोडे संकोचून मान हलवतात. मग त्यांची नजर बाईंच्या तळहातावरच्या नाण्याकडे जाते.

“वहिनी, हे अर्धंच कुणी घासलं?”

“ह्यांनी,” शालनबाई म्हणतात. “त्यांना कुठं जमतंय.”