रेक्टरीची मागची भिंत

मी इंग्लंडला कधी गेलेलो नाही, पण तिथल्या एका खेड्यातलं घर मला आखातातल्या आमच्या रुवी भागातल्या फ्लॅटपेक्षा जास्त पाठ आहे. चर्चच्या पाद्र्याचं जुनं घर, रेक्टरी. तिथल्या कंपनीने लेसरने मोजमाप घेतलं होतं, म्हणजे संगणकावर ठिपक्याठिपक्यांनी उभं राहिलेलं अख्खं घर, आणि त्या ठिपक्यांवरून नकाशे काढायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं होतं. पुढून लाल विटांचं, खिडक्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या. त्यातली एक नुसती जोड साधायला रंगवलेली, खोटी. मागे त्याहून कितीतरी जुना दगडी भाग, दोन पायऱ्या उतरून जायचा. जेवताना मी याच घराबद्दल बोलायचो. बायको म्हणाली, "पाद्र्याला विचार, आपलं बाथरूम गळायचं कधी थांबेल."

मागची दगडी भिंत ठिपक्यांत वीतभर बाहेर आलेली दिसत होती. मी वीस वर्षं आखातात कोरी करकरीत घरं काढलेली. इथे भिंत म्हणजे सरळच. वाटलं, मशीनची चूक. कीबोर्डवर एक बटण असतं, दाबलं की रेघ काटकोनातच जाते. माझं बोट सवयीने तिथे गेलं. भिंत सरळ झाली आणि मला छान वाटलं.

नकाशे तपासायचे वसईचे अंकल. साठी उलटलेली, पण बायकोचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालायचं म्हणून टिकून होते. गुरुवारची दुपार, पुढे शुक्रवार-शनिवार इथली सुट्टी.

"पुणेकर, ठिपक्यांशी ताडून बघितलंस ना?"

"बघितलं, अंकल."

"मग पुणेकराची चूक काढायची आमची काय बिशाद," म्हणत त्यांनी सही केली.

नकाशात भिंत सरळ, म्हणून तिकडे तिला टेकू न देता आतला लाकडी माळा काढला. त्या माळ्यानेच तिला इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. भिंत बसली. गवंडी चहाला गेले होते म्हणून वाचले.

साहेबांनी दोघांना आत बोलावलं. कोणीतरी एकजण जाणार हे उघड होतं. मुलगी दहावीला, सगळ्यांचा व्हिसा माझ्या नोकरीवर. एरवी माझं तोंड बंद होत नाही, पण तेव्हा मी खाली कार्पेटकडे बघत राहिलो. अंकल थोडं थांबले. मग म्हणाले, "सही माझी आहे."

महिन्याभरात त्यांचं जायचं ठरलं. मी खोकी बांधायला गेलो. चिकटपट्टी लावता लावता कसंबसं म्हणालो, "अंकल, ती भिंत वाकडी मला दिसली होती."

"ठाऊक आहे. सोमवारी मी ठिपके काढून बघितले. तोवर नकाशे गेले होते." त्यांनी पट्टी दाताने तोडली. "तेव्हा मीही गप्प बसलो. पण साहेबांसमोर तू बोलशील, असं वाटलं होतं."

"आता जाऊन सांगू का?"

"आता तिकडे वसईला हॉस्पिटल बघून झालंय. हे जड आहे, खालून धर."

आतून त्यांच्या बायकोने विचारलं, चहा घेणार का. मी हो म्हणालो.