बी विंगचं पाणी

माणसाची खरी ओळख त्याने मागे ठेवलेल्या गोष्टींवरून पटते, असं म्हणतात. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण कुंदा हे वाक्य शब्दशः घेत असे. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ती पवईच्या एका प्रयोगशाळेत जाऊ लागली आणि घरातली कोणती रसायनं माणसांच्या अंगात जातात, हे त्यांच्या सांडपाण्यावरून शोधू लागली. काही आठवड्यांपूर्वी एका रविवारी मुलुंडच्या घरी दुपारचं जेवून ती आडवी झाली, ती उठलीच नाही. तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी ‘कधी’ न विचारता ‘कशाने’ असं विचारलं. हृदयविकार, तो म्हणाला. कुठल्या रसायनाने नाही, म्हणून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं… त्याची लाज अजून गेलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी नमुन्यांसाठी तिला एक इमारत हवी होती, म्हणून मी तिला नाहूरच्या आमच्या सोसायटीत आणलं. आमचे सेक्रेटरी सावंत हादरले. “गटार तपासणार? म्हणजे रेडच की ओ मॅडम!” कुंदाने समजावलं की आमच्या बी विंगच्या वीस घरांचं पाणी एकत्र येतं तिथून ती बाटली भरणार, कुठल्या घरातून काय आलं हे कळत नाही, आणि कळलं तरी ती बघणार नाही. सभेने टाळ्या वाजवल्या. नमुन्याच्या आदल्या दिवशी, पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं आमच्या लोकांनी गटार आवरलं. प्रत्येक मोरीत फिनेल ओतलं गेलं, सावंतांनी चेंबर ॲसिडने घासून घेतलं. सकाळी कुंदाने झाकण उघडलं तर आत पांढरा फेस. “घरात काय काय रसायनं आहेत ते हळूहळू शोधणार होते,” ती म्हणाली. “तुम्ही सगळी एकदमच दिलीत.” त्यानंतर तिने दिवस आधी सांगणं बंद केलं. दोरीला बांधलेली बाटली खाली सोडताना एकदा म्हणाली, “बाबा पालिकेत होते. ते स्वतः आत उतरायचे. मी बाटली उतरवते. घराण्याने प्रगती केली म्हणायची.”

गेल्या हिवाळ्यात ती नमुना घेऊन चहाला आली. अर्धा चहा पिऊन तिने कप खाली ठेवला.

“दिनू, तुमच्या बी विंगचा आकडा वाढतोय रे.”

“कशाचा?”

“डासांच्या औषधाचा. बाटलीतून थेट मोरीत गेलेलं नाही. श्वासातून अंगात जाऊन लघवीतून आलेलं. ते वेगळं ओळखू येतं.”

“मग होतं काय त्याने?”

“मोठ्यांना बहुधा काही नाही. लहान मुलांचं… माहीत नाही. कोणालाच नीट माहीत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.”

नाहूरला खाडीकडून येणारे डास कोणालाच सोडत नाहीत. आमच्या आतल्या खोलीत माझी चार वर्षांची नात इरा झोपते. खिडक्या बंद, डासांचं मशीन चोवीस तास चालू, शिवाय संध्याकाळी पलंगाखाली स्प्रे. त्या खोलीचं दार उघडं होतं. मशीनचा लाल दिवा मला दिसत होता. कुंदाने तिकडे एकदाही पाहिलं नाही. एखाद्या गोष्टीकडे इतकं नीट न पाहायला, ती कुठे आहे हे आधी माहीत असावं लागतं.

त्या दिवशी ती घरी गेल्यावर मी मशीन काढलं, मच्छरदाणी आणली. “या वयात नवीन खूळ,” बायको सुमन म्हणाली. मी कारण सांगितलं नाही. महिने गेले, आणि मधल्या काळात नमुने घेणंच बंद राहिलं, कारण प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं होतं. ते सुरू झालं त्याच आठवड्यात कुंदाने शेवटची बाटली भरली आणि आमच्या फ्रीजरमध्ये ठेवली.

“सोमवारी नेते. वितळू देऊ नकोस, नमुना वितळला की मग वाचण्यात अर्थ नाही.”

“आकडा खाली आला असेल का गं?”

“कोणाचा?” तिने चप्पल घालता घालता विचारलं आणि ती निघाली.

सोमवार तिच्यासाठी उजाडलाच नाही. प्रयोगशाळेतून फोन आला, माणूस बुधवारी येईल. मी दिवसातून दोनदा फ्रीजर उघडून पाहत होतो. मंगळवारी सोसायटीने शोकसभा ठेवली. मोठा फोटो, समई, तीन वक्ते. विज्ञान, निष्ठा, समाजऋण असे शब्द बरेच झाले. वक्त्यांना गार पाणी हवं म्हणून सावंतांनी दुपारीच, मी सभेच्या तयारीसाठी खाली असताना, पाण्याच्या बाटल्या आमच्या फ्रीजरमध्ये लावल्या होत्या आणि जागा करण्यासाठी एक बाटली काढून ओट्यावर ठेवली होती. मे महिना होता. मी घरी आलो तेव्हा ती कोमट होती.

ती आता परत गोठली आहे. मटारच्या पिशवीशेजारी उभी असते. तिच्यावर कुंदाच्या टपोऱ्या अक्षरात ‘बी विंग’. इरा चांगली आहे, म्हणजे दिसायला तरी. बुधवारी मी प्रयोगशाळेला फोन करून खरं काय ते सांगितलं. पलीकडचा तरुण अगदी अदबीने म्हणाला, आता उपयोग नाही, टाकून द्या.

“कुठे टाकू?”

“संडासात ओता, काका. आणि फ्लश करा.”