न्हाणीमागची ओल

त्या दिवशी सकाळी मी भोकरदनला शाळेत निघाले, तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, न्हाणीमागच्या मातीवर बादली रिकामी करत होते. गणपती उठून चार दिवस झाले होते. "पाऊस आहे की अजून, कशाला ओतताय?" गाडी सुरू करता करता मी म्हटलं. "आता येईल ना त्यो. जागा वळखू आली पाह्यजे त्येला," ते म्हणाले. दुपारी शिक्षकांच्या खोलीत बसले होते, तर ह्यांचा फोन… मामा जेवून खाटेवर आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

'त्यो' म्हणजे परीट. काळा-पांढरा, चिमणीपेक्षा लांबोडका पक्षी, शेपूट सतत वर-खाली. दसऱ्याच्या सुमारास थंड मुलखातून येतो, न्हाणीच्या पाण्याने ओल्या राहणाऱ्या मातीवर किडे टिपत तुरुतुरु धावतो आणि होळीनंतर एके दिवशी दिसेनासा होतो. मी नवीन जालन्यात, स्टेशनजवळ वाढलेली. मला कावळा आणि कबुतर एवढंच ठाऊक. पावसाळ्यात रांजणाखाली मुक्कामाला येणारा बेडूक, हिवाळ्यात ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या, उन्हाळ्यात हौदाशी पाणी प्यायला येणारी मुंगसाची जोडी, सगळे मला मामांनी दाखवले. पण खरी गंमत परटाची. तो आधी कोणाला दिसतो यावर आमची शर्यत, आणि चौदा वर्षं मी हरले. "आला गं माय! तू भाकरीच थापून राह्यली!" मामा ओरडायचे, आणि मी पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभी राहायची.

ग्रामपंचायतीचा माणूस सांडपाण्याच्या शोषखड्ड्यासाठी यायचा तो नेमका हिवाळ्यात. मामा त्याला चहा पाजून सांगायचे, "आमचा पाव्हणा गेला की करू, जल्दी काय हाय?" तो बिचारा दोन वर्षं पाहुण्याची चौकशी करत राहिला. मला मात्र हसू येत नव्हतं. चिखल, डास, त्यात मुलीला डेंग्यू झाला. मग मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जालन्याला गेले, तेवढ्यात मी खड्डा खणून घेतला आणि न्हाणीचं पाणी पाइपाने त्यात सोडलं. खड्डा केला हे चुकलं असं आजही म्हणणार नाही. त्यांच्या माघारी केला, ते चुकलं. मामा आले, काळा चष्मा वर करून पाइप बघितला. "बराबर केलं. पोरीची तब्येत आधी," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवसापासून आंघोळीचं बादलीभर पाणी राखून स्वतः मातीवर ओतू लागले. गुडघे दुखायचे, तरी मला बादलीला हात लावू दिला नाही. एकदा तरी माफी मागायची होती मला… रोज उद्यावर टाकत राहिले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा बादली न्हाणीत पालथी पडलेली दिसली. पाऊसही उघडला होता, मागची माती पार भेगाळली होती. त्या दिवसापासून मी ओतू लागले. दसरा गेला, कोजागिरी गेली, परीट नाही. "रस्ता चुकला असंल यंदा," हे म्हणाले. माझ्या मनात वेगळीच धास्ती होती. मधल्या दिवसांत तो येऊन गेला असेल, आणि सुकलेली जागा त्याला ओळखू आली नसेल, तर?

गेल्या गुरुवारी सकाळी भाकरी तव्यावर टाकली आणि सहज खिडकीबाहेर बघितलं… ओल्या मातीवर शेपूट हलत होतं. "मामा, आला! आधी मी बघितला!" मी खाटेकडे वळून ओरडले. खाट भिंतीला टेकवून उभी होती.

"माफ करा, मामा," मी म्हटलं. कधीचं राहिलं होतं ते. मागे भाकरी करपली. मी बादली उचलली, पण तो उडेल म्हणून ओतली नाही. पीठभरल्या हातांनी दारातच उभी राहिले.