चांगला डोळा काहून झाकायचा?

मंडळी, आज मी एका आजीवर चिडले आणि पाचच मिनिटांत खजील झाले.

हिंगोलीत आमचा लहान मुलांच्या डोळ्यांचा दवाखाना सुरू होऊन जेमतेम दोन महिने झालेत. आज सेनगावकडच्या तांड्यावरून पाच वर्षांची पूनम आजीसोबत पुन्हा दाखवायला आली. तिला एका डोळ्याने कमी दिसतं. चांगला डोळा रोज दोन तास पट्टीने झाकायचा, असं मी सांगितलं होतं.

आजीने महिनाभर न चुकता पट्टी लावली. कमजोर डोळ्यावर!

"आजी, मी काय सांगितलं होतं?" माझा आवाज चढलाच.

"चांगला डोळा काहून झाकायचा, बाई? पट्टी दुखऱ्यालाच लावतेत ना?"

बराबरच होतं तिचं. घाईत कारण सांगायचं मीच विसरले होते. म्हटलं, "चांगलाच डोळा बघत राहिला, तर दुसरा बघायला शिकणारच नाही."

आजी हसली. "म्हंजी बैलावानी. एकच ओढून राहिला की दुसरा आळशी होतो. मंग त्याला एकट्यालाच जुंपायचं, व्हय ना?"

थोड्या वेळाने बाहेर आले, तर आजी बाकावरच्या एका आईला हीच बैलांची गोष्ट सांगत होती. यंत्रं आणायला आम्हाला वर्ष लागलं. समजावून सांगणारी मात्र आज आपल्या पायांनी आली.

पूनम लहान आहे, अजून वेळ आहे. पण दोन्ही डोळे उघडे असताना तिचं कमी दिसणं घरात कुणालाच कळलं नव्हतं. तुम्ही तुमच्या लेकराचा एकेक डोळा झाकून कधी बघितलाय?