ओळखीचा नंबर

मी नगरला राहते आणि ऑफिसांमधली टेलिफोन एक्स्चेंज बसवते. एक्स्चेंज म्हणजे भिंतीवरची एक पेटी. ऑफिसातले सगळे फोन तिला जोडलेले असतात आणि बाहेरच्या लाईनीही तिथूनच निघतात. बाईमाणूस शिडीवर चढून वायर ओढतंय म्हणून सुरुवातीला लोक बघत उभे राहायचे. आता चहा विचारतात.

मागच्या हिवाळ्यात आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरच्या बाजूला एका दवाखान्याचं काम मिळालं. तिथले व्यवस्थापक मोजकं बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "फोनचं बिल फार येतंय. जिकडून स्वस्त पडेल तिकडूनच फोन गेला पाहिजे. आणि डायल करणाऱ्याला त्याचा विचार करावा लागता कामा नये."

हे काम मला मनापासून आवडतं. त्यात पेटीला शिकवायचं असतं. लँडलाईनचा नंबर डायल केला तर लँडलाईनवरून सोड. मोबाईलचा असेल तर पेटीशेजारच्या, सिमकार्डं घातलेल्या डब्यातून सोड. एक सिम गुंतलेलं असेल तर दुसरं धर, सगळीच गुंतली तर लँडलाईनवर ये. लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्याखालच्या खोलीत मी दिवसभर बसले. शेजारीच ऑपरेटरबाईंचं टेबल होतं. पन्नाशीच्या पुढच्या, केसात चाफ्याचं फूल, आवाज गोड पण खणखणीत. रक्त लागलं की रक्तदात्यांना फोन करायचं कामही त्यांच्याकडेच होतं. त्यातले बरेच जण त्यांनी चर्चमधून आणि आठवडी बाजारातून स्वतः गोळा केले होते.

संध्याकाळी सगळे फोन तपासले. प्रत्येक कॉल सांगितलेल्या वाटेनेच गेला. मी खुशीत घरी आले.

त्यानंतर काही दिवसांनी राहुरीत एका पतसंस्थेत काम करत होते. दुपारी एका अनोळखी मोबाईल नंबरवरून फोन आला. शिडीवर होते, हातात वायर होती. कर्ज हवंय का विचारणारे असतील म्हणून कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. मग ऑपरेटरबाईंच्या स्वतःच्या मोबाईलवरून आला, तो मात्र उचलला.

"अहो ताई, दवाखान्यातून मघापासून फोन करतेय, तुम्ही कट का करताय?"

"तुमचा फोन? मला तर कुठला तरी भलताच नंबर दिसला."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. फोन सिमकार्डावरून जात होते. दवाखान्याचा वर्षानुवर्षांचा लँडलाईन नंबर आता कुणालाच दिसत नव्हता.

"तेच झालंय," बाई म्हणाल्या. "कोणी उचलतच नाही. बाळंतपणाची बाई आहे, बी निगेटिव्ह रक्त पाहिजे. माणूस आहे माझ्याकडे, जवळच्याच गावातला, कधी नाही म्हणत नाही. आज फोनच घेत नाही. माझ्या मोबाईलवरूनही केला, तोही नाही घेतला."

मी शिडीवरूनच सांगितलं, "बाई, पेटीत वरच्या बाजूला लँडलाईनची वायर आहे, पांढरी. ती काढा, कोपऱ्यातल्या जुन्या फोनला लावा आणि त्यावरून करा."

"करंट नाही ना बसणार?"

"नाही बसत. काढा बिनधास्त."

पलीकडे खुडबुड झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यांचं बोलणं ऐकू आलं, माझ्याशी नाही, त्या दुसऱ्या फोनवर. "हॅलो, दवाखान्यातून बोलतेय. हो, लगेच या." मोबाईल तसाच टेबलावर ठेवून त्या उठूनही गेल्या होत्या.

पतसंस्थेच्या साहेबांना सांगून मी गाडी काढली. दवाखान्यात पोचले तेव्हा रक्त देऊन झालं होतं. एक शेतकरी बाकावर बसून बिस्किटं खात होता. पँटला कांद्याच्या वावरातली माती होती. त्याने मला मोबाईल दाखवला.

"ह्ये बघा ताई. हा नंबर कुनाचा काय ठावं? आन् त्यो दुसरा? म्या म्हनलं लोनवाले आसतील. मग दवाखान्याचं नाव आलं, तसा पाट्या टाकून निघालो. आमचं सेव हाय ना."

"आता काही त्रास नाही ना होत?"

"कसला तरास? कांदं काढायचं ऱ्हायलंय तेवढंच."

व्यवस्थापकही आले. मी म्हटलं, "साहेब, सगळं स्वस्तात पाठवून चालणार नाही. हिशेब विभाग, स्टोअर, औषधवाले, हे सिमवरून जाऊ द्या. ऑपरेटर, रक्त आणि बाळंतीण वॉर्ड यांचे फोन लँडलाईनवरूनच गेले पाहिजेत, महाग पडले तरी."

मला वाटलं, ते बिलाचं काढतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "करा. काही दिवसांपासून माझी बायकोसुद्धा माझा फोन उचलत नाही. मला वाटत होतं, रागावली आहे."

ऑपरेटरबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं.

मी पुन्हा जिन्याखाली बसले. आधी वाट फक्त डायल केलेल्या नंबरावर ठरत होती. आता फोन कुठल्या टेबलावरून निघाला, हे आधी बघायला शिकवलं. नव्या वाटेला नाव द्यायची जागा होती. तिथे मी 'आपली माणसं' असं इंग्रजी अक्षरांत टाकलं. पेटीला त्याचा काही अर्थ नव्हता. मला बरं वाटलं.

शेवटी बाळंतीण वॉर्डातला फोन तपासायला गेले. रक्त लागलेली ती बाई ऊसतोडीला आलेली, खर्डा गावाकडची. तिची सासू दाराशी उकिडवी बसली होती. नात झाली होती, मायलेकी सुखरूप होत्या. मी विचारलं, "मावशी, गावाकडे फोन लावू का? मला नाहीतरी तपासायचाच आहे."

त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला. मी डायल केला, रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडे कुणीतरी लगेच उचलला.

"आवं, म्या बोलतेय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पोरगी झाली. व्हय, बरी हाय. रगत लागलं हुतं, मिळालं. न्हाई, कोन हुता ठाव न्हाई, कांद्यातनं आला आन् गेला." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या, मान हलवत. "नाव मंग ठरवू. शेरडास्नी पानी पाजलं का?"

मी लॅपटॉप बंद केला आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.